सारवलेली गाडी

एका नटीच्या डाव्या डोळ्यात मी स्वतःच्या हातानं खिडकी कापली आहे, आणि त्या डोळ्यातून माझ्या बायकोनं वलगाव ते परतवाडा हा सगळा रस्ता पाहिला आहे. एवढं सांगितलं की माणसं खुर्ची पुढं ओढतात. म्हणून मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. पुढची हकीकत तेवढी गमतीची नाही.

साठीच्या दशकातली गोष्ट. माझी नोकरी सरकारी, देवीची लस टोचण्याची. बदली होईल त्या गावी जायचं आणि खोली शोधायची. खोली असायची. घरमालक हसून बोलायचा, चहाचं विचारायचा, मग आडनाव विचारायचा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, पण आडनाव तेच राहिलं. ते ऐकलं की त्याला एकाएकी आठवायचं, उद्या त्याचा भाचा राहायला येतोय. वऱ्हाडात एवढे भाचे असतील याची मला कल्पना नव्हती. मग मी कचेरीच्या व्हरांड्यात झोपायचो, आणि बायको वलगावला माझ्या आईपाशी राहायची. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि आम्ही सलग एक महिना एका छपराखाली काढला नव्हता.

येत्या दिवाळीनंतर मला धारणीला धाडणार हे उन्हाळ्यात कळलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "या बारीले संग नेत असान तं न्या. नाई तं मी हिवरखेडले माहेरी जाईन. तिथं बालवाडीले बाई पायजे म्हणतेत. तुमची वाट पाहून पाहून मी बसून नाई राहू शकत."

तिचा भाऊ अकोल्यात मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्याकडे एका बंद पडलेल्या तंबू सिनेमाची जाहिरातीची गाडी धूळ खात उभी होती. मागं बंद पत्र्याचा डबा, एका बाजूला नटीचं भलंमोठं तोंड, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत 'आज रात्री दोन खेळ'. तो म्हणाला, "भाऊजी, घर भेटत नाई ना? मंग घरच घेऊन जा."

गाडी वलगावला आमच्या दारात आली आणि पावसाळाभर आम्ही तिचं घर करत बसलो. तंबूतल्या बाकांच्या फळ्यांची बिजागरीवर उघडमीट करणारी खाट झाली. कोपऱ्यात माठाची तिवई, वर पिठाच्या डब्याची फळी, स्टोव्हपुरता ओटा. मी सुट्टीला घरी आलो की करवत घ्यायचो. खेळाची अक्षरं पुसायला मेहुण्यानं रंग आणला होता; मीच तो लावू दिला नाही. मला पाहताच पळणारी पोरं ती अक्षरं वाचून धावत येतील, असा माझा हिशेब होता.

सगळं झालं. आईनं आत डोकावून पाहिलं आणि खालच्या पत्र्यावर पाय आपटला.

"हे काय घर हाय? डब्यात बसल्यासारखं वाजते. सारवल्याबिगर घर कसं म्हणाव?"

"मावशी, पत्र्यावर माती टाकत असतेत काय?" मेहुणा म्हणाला. "पाणी जाईन कुठी?"

"तू इंजिन पाय. जमीन मले समजते."

त्याचं खरं होतं, आणि ते मला कळतही होतं. तरी दोन घमेली पांढरी माती मीच आणून दिली. सासू-सुनेनं दोन बोटं जाड थर देऊन ती चोपली आणि वरून शेणानं सारवली. आत गेलो तर वास आला तो घराचाच. अनवाणी पायांना गार लागलं. बायको मधोमध मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता कोनी उठ म्हणलं तरी नाई उठत." त्यानंतर दर शुक्रवारी सारवण. खालून पाहावं तर मेहुण्यानं फासलेलं डांबर काळंभोर चमकत होतं. डांबर आणि माती यांच्या मधल्या पत्र्याचं काय होतंय, ते कोणाला दिसणार?

दिवाळीनंतर निघालो. मेहुणा गाडी चालवायला, आम्ही दोघं आत. परतवाड्याच्या पुढं दुपारी एका गावात माठ भरायला विहिरीपाशी थांबलो. पोरं धावत आली, खेळ किती वाजता म्हणून विचारू लागली. मी ऐटीत खाली उतरलो. एका म्हाताऱ्यानं गाव विचारलं, मग आडनाव. मग शांतपणे म्हणाला, "बापू, गाडी नाल्यापल्याड लावा. पानी पोरगं आणून ओतीन." आम्ही पाणी न घेताच निघालो. ती खिडकीशी उभी राहिली.

घाटात दुसऱ्या वळणाला गाडी खड्ड्यात आदळली आणि जमीन गेली. ढेकळं, माठ, तिवई, सगळं रस्त्यावर, आणि तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली. मी काखेत हात घालून तिला ओढून धरलं. गाडी थांबली तोवर पोटरी सोलून निघाली होती. हात लावला तर गंजलेल्या पत्र्याचा पापडासारखा चुरा होत होता.

रस्त्याकडेला बसून मी माझ्या धोतराची पट्टी तिच्या पायाला बांधली. मेहुणा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "ताई, नवा पत्रा टाकतो. महिन्याभरात उभी करून देतो."

"टाकशीन," ती म्हणाली. "पन उभी कुठी करशीन? नाल्यापल्याडच ना?"

मेहुण्यानं खाली पाहिलं. मी फुटक्या माठाची खापरं रस्त्याकडेला सारू लागलो. संध्याकाळच्या मोटारीनं भाऊ-बहीण परत फिरले. गाडी तिथंच झाडाखाली राहिली.

धारणीला मी लसीच्या सामानाच्या खोलीत टेबलावर झोपू लागलो. सव्वा महिन्यानं हिवरखेडहून कार्ड आलं: जखम भरली, बालवाडीत बावीस पोरं आहेत, बिऱ्हाडाची घाई करू नका. ती तिथं नऊ वर्षं शिकवत होती. मी सुट्टीला जायचो, आणि चौथ्या दिवशी सासरे माझ्या परतीच्या मोटारीची वेळ विचारायचे.