गोमा हातांवर बसला ती दुपार

आमच्या कुंभिवलीच्या वर, डोंगराच्या कुशीत ठाकरवाडी आहे. तिथला गोमा. शेळी अडली की साजगावपर्यंतची माणसं त्याला बोलवायला येतात. आडवं आलेलं करडू तो पोटातल्या पोटात असं फिरवून काढतो की शेळी रवंथ थांबवत नाही. (हे त्याचं म्हणणं. मी निम्मं धरतो.)

असा हा माणूस पंचावन्नाव्या वर्षी कुत्र्यांच्या पहिलीत बसला. कारण मैना. ही त्याची आधीची कुत्री, पहिल्याच माजाला व्यायला आलेली. गोमाने बोकड निवडतात तसा नर निवडला होता, सगळ्यात मोठा, फार्महाऊसवरचा वाघासारखा कुत्रा. पिल्लू अडलं, गोमाने शेळीसारखं ओढलं, आणि मैना गेली. दोन दिवस तो जेवला नाही. त्यावर मी कधी थट्टा केली नाही. बाकी सगळ्यावर करतो.

मग आली चांदी. अंगाने बारीक, पण शेळ्यांजवळ बिबट्या फिरकू देणार नाही अशी. तिचं एक तरी वेत व्हावं, ही गोमाची इच्छा. आणि ती मैनेसारखी जाऊ नये, ही धास्ती. म्हणून स्वारी थेट खालापूरला, जनावरांच्या दवाखान्यात, हर्षला डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी विचारलं, "काका, वय काय हिचं?"

"वरीस झालं. माजावर यील आता."

"दोन वर्षं होऊ द्या. तोवर लसी, जंताचं औषध. आणि पिल्लं कुणाला द्यायची ते आधी ठरवा, मग लग्न."

घरी आल्यावर बायको चिमा म्हणाली, "माज्या लग्नात कुनी येवडी चवकशी नाय केली. माजा बाप तुमचे दात बगाया बी इसरला!"

डॉक्टरांनी सगळं कागदावर लिहून दिलं होतं. गोमाला वाचता येत नाही, म्हणून दर आठवड्याला तो कागद घेऊन माझ्या ओट्यावर यायचा. मी सातवीपर्यंत शिकलोय, पण एवढा अभ्यास आमच्या अख्ख्या वर्गाने मिळून केला नसेल.

वर्ष सरलं. नर ठरला वाडीतल्याच नवनाथचा खंड्या. चांदीच्या नात्यातला नाही, तिच्याच मापाचा, लस टोचलेला आणि स्वभावाने गरीब. वाडीत हसू पिकलं. "गोमा, जावई बुटका केलास रं!" गोमा शांतपणे म्हणाला, "पोरीला झेपंल असा केला."

कार्तिकी पौर्णिमेला जोडी लागली आणि गोमाने वाडीभर सांगितलं, "चैतात पिल्लं!" शेळीचे पाच महिने हो! पुढच्या खेपेला मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "काका, शेळी नाही ही. बासष्ट-त्रेसष्ट दिवस." परतताना गोमा घुश्शातच मला म्हणाला, "आबा, येवढ्या घाईत व्हतंय का काय तरी?"

झालं. पौष पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, ऐन दुपारी, नवनाथ मला बोलवायला आला. "चला आबा, कागद वाचाया!"

पडवीत जुन्या गोणपाटावर चांदी. दोन पिल्लं झाली होती, तिसरं येत नव्हतं. गोमाला घाम फुटलेला. त्याचा उजवा हात आपोआप पुढे जायचा.

मी वाचलं, "दोन पिल्लांमध्ये तास-दीड तास जाऊ शकतो. कुत्री शांत असेल तर हात लावू नये. अर्धा तास नुसत्या कळा देत राहिली, तर लगेच फोन करावा."

"परत वाचा."

मी परत वाचलं. हात परत पुढे. चिमा ओरडली, "अवो, हात!"

तेव्हा गोमाने काय केलं म्हणाल? दोन्ही तळवे मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसला. शेकडो करडं काढलेले ते हात! चांदी धापा टाकत होती, पण कळा देत नव्हती. गोमा तिच्याकडे बघत नुसता पुटपुटत होता, "मैनेला मी वडलं. मैनेला मीच वडलं रं." नवनाथ फोन हातात धरून उभा. मी सावली सरकताना बघत होतो.

पाऊण तास गेला असेल. चांदीने अंग ताठ केलं, दोन-चार कळा आल्या, आणि तिसरं पिल्लू आपसूक बाहेर. मागोमाग चौथंही. तिने सगळ्यांना चाटून साफ केलं आणि मग मान लांब करून गोमाचा गुडघा चाटला. त्याला हात काढायचे होते, पण हातांना मुंग्या आलेल्या. चिमा पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाळंतीन ही, आन् शेकायचं ह्येंला!"

त्यातलं एक पिल्लू मला कबूल होतं. महिनाभराने गेलो तर गोमाने हाकललं. "आठ आठवडं आईकडं. तुमीच वाचलं ना?" दोन महिने पुरे झाल्यावर नवी कोरी साखळी घेऊन गेलो, तर साखळीकडे बघून म्हणाला, "बांधायचंच असंल तर करडू न्या, आबा."

"बरं बाबा, मोकळं ठेवतो." म्हणून मी पिल्लाला उचलायला वाकलो.

"आं हां! हात मागं. पिल्लू येतंय का बगा आदी."

काय करता? पंचाहत्तरी ओलांडलेला मी, भर अंगणात दोन्ही हातांवर बसलो. वाडी हसत होती. चांदी लांबून बघत होती. आणि ते काळं पिल्लू, चांगला वेळ लावून, डुलत डुलत माझ्याकडे आलं.