शिशी नाही गं आई, शिसं!

आज दुपारी लॅबचा रिपोर्ट आला. आईच्या गुडघ्यांसाठी ताकदीची पावडर मीच आणली होती. डब्यावर परवान्याचा नंबर दिसेना, म्हणून थोडी तपासायला पाठवली. त्यात शिसं निघालं, मर्यादेच्या कितीतरी वर.

लगेच गावी, सानगडीला, आईला फोन लावला. "आई, पावडरीत शिसं आहे!"

"शिशी कायची वो बाई? डबा आहे ना तो."

"शिसं गं! जहर! एक चमचाही घेऊ नको."

ती हसली. "मी कायले घेऊ? शेजारच्या सुनेले देऊन राहिली ना रोज दुधात. सातवा महिना आहे तिले."

आता बसमध्ये बसलेय. पोचल्याबरोबर त्या सुनेला डॉक्टरकडे नेणार.

पण दार उघडून ती म्हणाली, "ताई, तुमच्या पावडरीनं चांगलं वाटून राहिलं," तर तिला काय सांगू? सांगा ना कोणी.