मोजणी अण्णांचे चिंचोके

त्या दिवशी गॅलरीखालच्या खोलीत आम्ही होतो ते असे : मोजणी अण्णा, आफिसातले चष्मेवाले साहेब, रत्नक्का, मुनियम्मा आणि शांता. पाच जण. अण्णा आता असते तर लगेच म्हणाले असते, "तानक्का, स्वतःला मोजलंस काय?" नाही मोजलं. सहावी मी. माणूस सगळ्या जगाला मोजतो नि स्वतःला विसरतो, असं ते कायम म्हणायचे. त्या खोलीत जे झालं ते मी आजवर कुणाला धड सांगितलं नाही. मला शाळा तिसरीपर्यंत. मी बोलते आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी पुण्याची वैशाली लिहून घेते.

अण्णा कुठंही गेले की आधी डोकी मोजायचे. बसमध्ये चढले की ड्रायव्हरपासून सुरुवात. देवळात गेले तर हात जोडलेले आणि ओठ हलतायत, आपल्याला वाटावं जप चाललाय. शांताच्या लेकीच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या बापाला गाठून सांगितलं, "तुम्ही दोनशे येतील म्हणाला होता. दोनशे चौदा जेवले." शांता धावत आली. म्हणाली, "अण्णा, तुमच्या पाया पडते, अक्षता टाका नि गप बसा." तर म्हणतात, "गप बसतो गं. पण भात कमी का पडला ते तुला उद्या कळलं नसतं."

तरुणपणी ते कारखान्यात होते. कारखान्याची फुटबॉलची टीम होती, तेव्हापासून मैदानावर माणसं मोजायचं काम त्यांच्याकडं. पुढं मोठा क्लब आला, देशभरच्या क्लबांची लीग आली, टीव्हीवाले आले. बाकीच्या गेटांवर तिकीट दाखवलं की मशीन आवाज करायचं. पूर्वेची गॅलरी तेवढी राहिली. तिथं स्वस्तातले लोक, शाळेची पोरं, आसपासच्या वस्तीतले, कागदी पासवाले. मशीन तिथंही बसवलं, पण कागदी पास त्याला कळायचा नाही. म्हणून त्या गेटवर अण्णा उभे राहायचे, हातात बटणाचं मोजायचं यंत्र. माणूस आत आला की टक्. दुसरा आला की टक्. कुणी मध्येच बोलायला गेलं तर मान हलवायचे, तोंड उघडायचे नाहीत.

आम्ही चौघी त्या गॅलरीच्या झाडूवाल्या. माझा नवरा गेला तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. मी इथल्या शिवाजीनगरात, पुण्याच्या नव्हे, एका शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करत होते, ते दुकान बंद पडलं, आणि रत्नक्कानं मला इथं आणलं. मॅचच्या आधी झाडायचं, मॅचनंतर झाडायचं. मधल्या वेळात बसून राहायचं. अण्णांना ते बसणं बघवलं नाही. त्यांनी आम्हाला एकेक पिशवी शिवायला सांगितली, आपापल्या जुन्या लुगड्याची, म्हणजे कुणाची कुठली ते लांबून कळेल. आणि चिंचोके दिले. गॅलरीचे चार भाग, एकेकीला एक. हाफ टाइमला आपल्या भागात फिरायचं, बोटांच्या पेरांवर मोजायचं, दहा माणसं झाली की एक चिंचोका पिशवीत. अण्णांचे ते चिंचोके किती वर्षांचे होते कोण जाणे, हाताळून हाताळून असे गुळगुळीत झालेले, की काचेचे वाटावेत.

मुनियम्मा पहिल्या दिवशीच भांडली. "गेटवर तुम्ही मोजलंत ना अण्णा? मग आमच्या पायांना कशाला त्रास?"

"तिकीट घेतलं म्हणजे आत आला असं नाही," अण्णा म्हणाले. "आणि आत आला म्हणजे बसला असं नाही. माझा आकडा गेटचा, तुमचा आकडा बसलेल्यांचा. तुमचा माझ्यापेक्षा स्वल्प कमी यायला पाहिजे. कुणी चहाला गेला, कुणी मुतारीला गेला. जास्त मात्र कधी येणार नाही."

हे लिहिताना वैशालीनं मान खाली घातली. तिच्याकडं दोन वर्षं पूर्ण सीझनचा पास होता. बेळ्ळंदूरच्या आफिसातून निघून मॅचला वेळेवर पोचणं जमायचं नाही, म्हणून तीनदाच गेली.

सोमवारी अण्णा पेपर घेऊन यायचे. लीगमधल्या सगळ्या क्लबांच्या मैदानांवर किती माणसं आली, ते त्यात असायचं. ते वहीत उतरवून घ्यायचे आणि आम्हाला वाचून दाखवायचे. कोलकत्ता वर, कोच्ची वर, आपण खाली कुठंतरी. मला वाईट वाटायचं. आपल्याच घरात कमी माणसं आली असं ऐकून कुणाला बरं वाटेल? एकदा मी बोलले तसं, तर हसले.

"एका घरात शंभर पाट मांडलेत, पन्नास जेवले. दुसऱ्या घरात दहा पाट, आठ जेवले. कुणाचं घर भरलं?"

"दुसऱ्याचं."

"सरी, बरोबर. मग किती आले हे नुसतं विचारू नको. जागा किती होत्या नि भरल्या किती, हे विचार."

कोच्चीची टीम इथं खेळायला आली की आमची गॅलरी ओसंडून वाहायची, इथले सगळे मल्याळी पिवळे कपडे घालून यायचे. आम्ही खूश. अण्णा मात्र वहीत त्या आकड्यापुढं एक फुली मारायचे. म्हणायचे, "आज पाहुण्यांनी घर भरलंय. हे बारसं झालं. रोजचं जेवण वेगळं."

मग तो सीझन आला. टीम हरत होती, माणसं कमी होत होती. चष्मेवाले साहेब आमच्या खोलीत आले आणि हिंदीत म्हणाले की इतर क्लबांची मैदानं भरतायत, आमची पूर्व गॅलरी टीव्हीवर रिकामी दिसते, शोभत नाही. शेवटच्या मॅचला ती अर्धी भरली तर राहील. नाही तर पुढच्या वर्षीपासून बंद. वरून जाहिरातीचं कापड टाकून झाकून टाकायची. चार हजार खुर्च्या. म्हणजे दोन हजार माणसं पाहिजेत.

गॅलरी बंद म्हणजे आमचं चौघींचं काम बंद. अण्णांचं गेट बंद. माझा मुलगा तेव्हा कामाविना घरी बसून होता, सुनेचं दुसरं बाळंतपण जवळ आलेलं. माझा गुडघा असा सुजलेला की नवीन घरी कुणी मला भांड्यालासुद्धा उभी करणार नाही. हे रडून सांगत नाही. तेव्हा असं होतं, एवढंच.

शेवटच्या मॅचच्या दिवशी सकाळी मी सारासाठी चिंच कोळत होते. चिंचोके बाजूला पडले होते. मी ते वेचले. वीस होते. धुतलेसुद्धा नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारली आणि कामाला गेले.

माझा भाग गॅलरीच्या टोकाचा, गेटापासून सगळ्यात लांब. तिथं माणसं सगळ्यात शेवटी येतात. हाफ टाइमला मी मोजलं. एकतीस चिंचोके झाले. म्हणजे हजार खुर्च्यांत तीनशे दहा माणसं. मला वाटलं, सगळीकडं असंच असणार. गॅलरी गेली. मी खांबाआड गेले, गाठ सोडली आणि ते वीसही पिशवीत टाकले. जराही थांबले नाही. खोटं कशाला सांगू.

मॅच संपल्यावर सगळे खोलीत आलो. साहेबांनी आधी अण्णांचं यंत्र बघितलं. दोन हजार चाळीस. अर्ध्यापेक्षा चाळीस जास्त! रत्नक्कानं माझा हात दाबला. शांता तोंडावर पदर धरून हसायला लागली. साहेबही हसले, म्हणाले, "अच्छा है अण्णा. अब थैली भी देख लेते हैं."

मी माझी पिशवी सगळ्यांच्या मागं सरकवली.

अण्णा पिशव्या टेबलावर एकेक रिकामी करत गेले. साठ. अठ्ठावन्न. त्रेपन्न. शेवटी माझी, हिरव्या लुगड्याची. ते मोजायला लागले आणि मध्येच थांबले. एक चिंचोका त्यांनी बोटांत धरला. त्याला अजून चिंचेचा धागा चिकटलेला होता. त्यांनी दुसरा बघितला. मग कुणाकडंही न बघता मोजत राहिले. एक्कावन्न.

साहेबांनी बेरीज केली. दोनशे बावीस चिंचोके, म्हणजे दोन हजार दोनशे वीस माणसं. "अण्णा, अंदर आए दो हजार चालीस, और बैठे हैं उससे एक सौ अस्सी ज्यादा? ये लोग कहाँ से आए?"

मी बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले.

अण्णा म्हणाले, "माझ्या हातून गडबड झाली साहेब. मागचे चिंचोके पिशवीत तसेच राहिले असतील. माझी चूक."

"मग आम्ही तुमचा कुठला आकडा खरा धरायचा?" साहेबांनी विचारलं, आवाज न चढवता. त्यांनी दोन्ही आकडे खोडले आणि मशीनचा धरला. मशीनला कागदी पास कळतच नव्हते. गॅलरी अर्धी भरली नाही असं कागदावर लागलं. अण्णांनी बटणाचं यंत्र टेबलावर ठेवलं, सगळे चिंचोके एका पिशवीत भरले आणि निघून गेले. जाताना म्हणाले, "येतो गं पोरींनो." आम्ही सगळ्या म्हाताऱ्या, तरी पोरीच म्हणायचे.

त्यानंतर मी मारतहळ्ळीला एका मोठ्या इमारतीत जिने पुसायला लागले. दोन बस बदलून जायचं. मुनियम्मा लेकीकडं गेली. रत्नक्का म्हणायची, "म्हातारपणी अण्णांचं डोकं हललं बघ, आपल्या पोटावर पाय आला." मी ते ऐकून घ्यायचे. दोन वर्षं मी त्यांच्या गल्लीनं गेले नाही. बस त्यांच्या घरावरून जायची, तर मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायची.

मग शांतानं निरोप दिला, अण्णा अंथरुणाला खिळलेत. तेव्हा मात्र मी भेटायला गेले. त्यांची बहीण सरसूबाई दारात होती. आत अण्णा एवढेसे झाले होते. मला बघून म्हणाले, "ये तानक्का. आज भेटायला आलेली तू चौथी."

मी खाली बसले. म्हणलं, "अण्णा, ते वीस चिंचोके माझे."

"ठाऊक आहे."

"मग तिथं बोलला का नाही? ते वीस बाजूला काढले असते तर आकडा जुळला असता. गॅलरी राहिली असती."

"नसती राहिली." दम लागत होता, थांबून थांबून बोलले. "वीस खोटे निघाले म्हणलं असतं, तर बाकीचे खरे आहेत असं कोण मानणार होतं? तेवढं करून तुझं तोंड काळं झालं असतं, ते वेगळंच. मला राग आला होता तुझा. खूप आला होता. तुझ्या एका पिशवीनं त्या दिवशी खरोखर आलेली माणसंसुद्धा खोटी केली गं."

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

त्यांनी सरसूबाईंना वही आणायला सांगितली. सगळ्या मॅचचे आकडे ओळीनं लिहिलेले, शेवटच्या मॅचला गेटचा आकडा होता आणि बसलेल्यांची जागा कोरी. दोन वर्षं कोरी ठेवली होती. मला म्हणाले, "तुझ्या भागात खरे किती होते? आठवतंय?"

"एकतीस," मी म्हणलं. ते मी कशी विसरणार? झोपेतसुद्धा तोच आकडा यायचा.

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, देवळात हलायचे तसे. "दोनशे दोन. दोन हजार वीस माणसं. वीस जण चहाला गेले असतील." मग सरसूबाईंना म्हणाले, "लिही." आणि मला म्हणाले, "आता जुळलं."

आठ दिवसांनी अण्णा गेले. दाहिनीपाशी मी माणसं मोजली. दहा भरली. मग आठवलं, नि अकरा झाली.

मैदानावरून बस जाते तेव्हा बाहेरून आमच्या गॅलरीवरचं कापड दिसतं. एका मोबाईलची जाहिरात आहे, हसणारी बाई आहे. त्या बाईखाली चार हजार खुर्च्या आहेत.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. तुमच्या गावात मॅच असेल आणि तुमच्याकडं पास असेल, तर जा आणि आपल्या खुर्चीवर बसा. जमत नसेल तर तो पास शेजारच्या कुणाला तरी द्या. खुर्ची रिकामी ठेवू नका.