ओढणारी गाडी

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. नांदेडच्या एका मंगल कार्यालयात त्यांना मागच्या दारानं आत जावं लागलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात गाडी बदलायची भाषा सुरू झाली.

लग्न आत्यांच्या सख्ख्या बहिणीच्या नातवाचं होतं. बहीण आता नाही, त्यामुळं नवरदेवाच्या आजीचा मान आत्यांचा. अहमदपूरहून आम्ही आमच्या डिझेल पिकअपनं निघालो. स्टिअरिंगवर मी, पलीकडं नवरा, मधे अंग चोरून आत्या. मागं हौद्यात गादी टाकून दोन्ही मुली, वर ताडपत्री. कार्यालयाच्या गेटवर शिट्टी घेऊन एक रखवालदार उभा होता. त्यानं गाडी बघितली. आतली माणसं बघितलीच नाहीत.

"माल मागच्या गेटनं," तो म्हणाला.

"माल न्हाई, पाव्हणे हावोत," मी म्हणाले.

"पिकअप हिकडं लावायची न्हाई. मागं घ्या, मागं घ्या. लाईन लागलीय."

पाठीमागून एक पांढरी कार सारखी हॉर्न मारत होती. मी गाडी वळवली. मागच्या बाजूला आचाऱ्यांच्या चुली, घासायला टाकलेली पातेली, कांद्याच्या सालींचा ढीग. आत्यांनी इरकलीचा काठ वर उचलला, गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पदराखाली घेतली आणि खरकट्या पाण्यातून वाट काढत त्या आत गेल्या. नवरदेवाची आजी! स्टेजवर त्यांना आहेर झाला, फोटो झाले. त्यांनी तिथं कुणाला एक शब्द सांगितला नाही.

परतीला लोहा गाव मागं पडलं. मग आत्या समोर रस्त्याकडं बघतच म्हणाल्या, "मला बसायला गाडी घ्या. मी काय सोयाबीनचं पोतं न्हाई."

रखवालदाराचा राग मला आजही आहे, पण त्याहून जास्त राग त्या वेळी मला पिकअपच्या वतीनं आला होता. आमचा धंदा बोअरमध्ये अडकलेल्या पाणबुडी मोटारी वर काढायचा. लोखंडी तिपाई, चेन आणि छोटं इंजिन अशी मशीन आहे आमची, दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेली. ट्रॉली पिकअपच्या मागं जोडायची आणि गावोगाव जायचं. उन्हाळ्यात आमची वाट बघत लोक वेशीपर्यंत येतात. गोठ्यातली जनावरं हंबरत असतात, बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असतात. तिथं हीच गाडी दिसली की पोरं ओरडतात, "आली, आली!" आणि शहरातल्या गेटवर तीच गाडी दिसली की माणसाचं पोतं होतं.

गाडी मी चालवते. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्याच्या डाव्या हाताची तीन बोटं मशीनच्या चेनमध्ये गेली. मशीनवरचं काम तो उजव्या हातावर निभावून नेतो, पण उरलेल्या दोन बोटांत गिअरचा दांडा बसेना. मग शेजारच्या एका ट्रक ड्रायव्हरकडून मी शिकले, लायसन काढलं, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली. ट्रॉली जोडलेली गाडी रिव्हर्स घेऊन बोअरच्या तोंडाशी बरोबर लावणं हे भल्याभल्यांना जमत नाही. मला जमतं. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढं जे झालं ते कळण्यासाठी सांगते.

दोन गाड्या पोसणं आमच्याच्यानं होणार नव्हतं. म्हणून पिकअप देऊन अशी गाडी घ्यायचं ठरलं की जिच्यात घरची पाच माणसं ऐसपैस बसतील आणि जी मागं ट्रॉलीही ओढेल. आम्ही लातूरला एका शोरूममध्ये गेलो. काचेचं दार, आत गारवा, आणि टाय लावलेला एक तरुण सेल्समन. तो नवऱ्याशी बोलायला लागला. इंजिन नवऱ्याला सांगितलं, मायलेज नवऱ्याला सांगितलं, डिक्की नवऱ्याला उघडून दाखवली. मग माझ्याकडं वळून गोड हसला. "मॅडम, रंग तुम्ही निवडा."

"ही ट्रॉली ओढंल का?" मी विचारलं. "मशीनसकट. चढावर."

त्यानं उत्तर नवऱ्याला दिलं. "साहेब, हत्ती बांधला तरी ओढंल!"

"हत्ती न्हाई आमच्याकडं. ट्रॉली हाय."

नवरा मिशीत हसला. सेल्समननं किल्ली त्याच्या हातात दिली, "घ्या साहेब, एक चक्कर मारा."

"मला जमत न्हाई," नवरा म्हणाला. "गाडी ती चालवती."

सेल्समन मोठ्यानं हसला. त्याला वाटलं साहेबांनी विनोद केला. विनोद नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी मी गाडी काढली. तो शेजारी बसला, आणि औसा रस्त्यावर जाऊन परत येईपर्यंत त्यानं हँडब्रेकवरचा हात काढला नाही. तिकडं त्यांचा दुसरा माणूस माझ्या पिकअपभोवती फिरून टायरला लाथा मारत होता. "भंगारात काढल्यासारखी हाय," तो म्हणाला. त्या गाडीनं मला एकदाही रस्त्यात सोडलं नव्हतं. मी ते बोलले नाही. बोलायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मी केली. बुकिंगच्या कागदावर सेल्समनला त्याच्या हातानं लिहायला लावलं: मशीनची ट्रॉली ओढेल. खाली सही, शिक्का. ट्रॉलीचं वजनही लिहायला लावलं. तो कुरकुरला. "मॅडम, विश्वास ठेवा की." मी म्हणाले, "विश्वास हायच. पण लिहा."

गाडी घरी आली. आत्यांनी पुढच्या काचेला विभूती लावली, मुलींनी मागची सीट वाटून घेतली. नवऱ्यानं वेल्डरकडून भक्कम हुक बसवून घेतला. सपाट रस्त्यावर ट्रॉली मागं आली आणि मला वाटलं, जमलं. चार-सहा गावं झाली. मग कंधारच्या बाजूच्या एका गावाहून फोन आला. मोटार अडकलीय, टाकी कोरडी पडलीय, लवकर या. गावाच्या अलीकडं एक चढ आहे. पिकअपनं तो मी किती वेळा चढले असेन! अर्ध्या चढावर गाडीचा दम गेला. इंजिन ओरडायला लागलं, पण चाकं पुढं सरकेनात, आणि जळक्या रबरासारखा वास आत भरला. हँडब्रेक ओढून मी खाली उतरले. नवऱ्यानं ट्रॉलीच्या चाकाला दगड लावले.

शेवटी गावातून ट्रॅक्टर आला आणि ट्रॉली घेऊन गेला. आम्ही दोघं मागं चालत. मोटार संध्याकाळपर्यंत निघाली, पण ज्यानं बोलावलं होतं तो शेतकरी जाता जाता सहज बोलला, "पिकअप कशाला इकली वहिनी? ही तर नुसती मिरवायची हाय." मला तिथल्या तिथं रडू आलं असतं. मी रडले नाही. उलट माझ्या डोक्यात सणक गेली.

शोरूमच्याच सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी ओढून लातूरला नेली. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. काउंटरवरचा माणूस संगणकाकडं बघत म्हणाला, "क्लच गेलाय. वॉरंटीत बसणार न्हाई. तुम्ही बाहेरून हुक लावला."

"तुमच्याच माणसानं सांगितलं होतं, ओढंल म्हणून," मी म्हणाले.

"ते जाऊ द्या. हुकाचा प्रश्न नंतरचा." तो आता नवऱ्याकडं बघत होता. "चालवायची पद्धत चुकलीय साहेब. लेडीज सारखा क्लचवर पाय ठेवतात. नव्या गाड्या नाजूक असतात. तुम्ही ड्रायव्हर ठेवा."

त्या वाक्यानंतर तिथली दहा-बारा माणसं माझ्या पायाकडं बघायला लागली. खरंच बघायला लागली. चपलेतल्या माझ्या पायाकडं. अकरा वर्षं ज्या पायानं ट्रॉली गावोगाव नेली, त्याचा निकाल संगणकाकडं बघत लागला होता. मी आवाज चढवला नाही, कारण मी ओरडले असते तर तेही लेडीजच्या खात्यात गेलं असतं. मी पिशवीतून बुकिंगचा कागद काढला आणि काउंटरवर ठेवला.

त्यानं वाचला. आत नेला. बऱ्याच वेळानं मॅनेजर बाहेर आला. तो सेल्समन नोकरी सोडून गेला आहे, त्याच्या बोलण्याला शोरूम बांधील नाही, असं त्यानं सांगितलं.

"सही त्याची हाय, पण शिक्का कुणाचा?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही समजून घेत नाही."

"मग समजवा. तुमची डेमोची गाडी काढा. तुमचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर द्या. पुरुष द्या. माझी ट्रॉली लावा, आणि त्याच चढावर न्या. चढली तर क्लचचे पैसे मी भरते आणि परत कधी गाडी हातात घेत न्हाई."

नवऱ्यानं माझा दंड धरला. मी शब्द देऊन बसले होते. मॅनेजर मात्र खूश झाला. आत्याही त्या दिवशी आमच्याबरोबर आल्या होत्या आणि गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या. शोरूमच्या एका पोरीनं त्यांना, आजी, बाहेर बाकावर बसता का, असं विचारलं. "का? सोफा मोडंल व्हय?" आत्या म्हणाल्या, आणि डेमोचा दिवस ठरून कागदावर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

ठरल्या दिवशी त्यांच्या वर्कशॉपचा हेड मिस्त्री आला. पन्नाशीचा, शांत माणूस. डेमोच्या गाडीला त्यानं स्वतः हुक बसवून आणला होता. चढाच्या पायथ्याशी आमची ट्रॉली जोडली. मॅनेजर आपल्या गाडीत मागं. गावातली तीस-चाळीस माणसं रस्त्याच्या कडेला. मी ट्रॉलीच्या बाजूनं चालत होते. आता ही गाडी चढली असती तर मी जन्मभर खोटी ठरले असते.

अर्ध्याच्या थोडं वर इंजिन ओरडायला लागलं. मग तोच वास. मिस्त्रीनं अजून एकदा जोर लावून बघितला, मग गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. मॅनेजर काही बोलायच्या आत तो माझ्याकडं आला.

"ताई, ह्या गाडीचा जोर पुढच्या चाकाला हाय. मागून वजन ओढलं की पुढचा भाग हलका होतो, अन् सगळा मार क्लचवर येतो. ही ओढायसाठी बनवलेलीच न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या पायाचा दोष न्हाई."

मॅनेजर म्हणाला, "मिस्त्री, हे आपण ऑफिसात बोलू."

"ऑफिसात बी हेच बोलंन," मिस्त्री म्हणाला, आणि दुरुस्तीची नोंद करायचं जॉब कार्ड बॉनेटवर ठेवून त्यावर तसंच लिहिलं. त्यात त्या माणसाची नोकरी जाऊ शकत होती. त्यानं लिहिलं.

त्यानंतरही तीन महिने गेले. शोरूमनं ती गाडी परत घ्यावी आणि जी खरंच ओढते ती द्यावी, एवढंच आमचं म्हणणं होतं. आज साहेब नाहीत, उद्या कंपनीचा मेल यायचाय, परवा सुट्टी. दर सोमवारी मी एसटीनं लातूरला जायचे आणि आत्या सोबत यायच्या. मशीन भाड्याच्या ट्रॅक्टरमागं फिरत होती. पिकअप केव्हाच विकली गेली होती, कुणाला ते त्यांनी सांगितलंही नाही. शेवटी एका सोमवारी दुसरी गाडी मिळाली. दणकट चेसीसची, मागच्या चाकांना जोर असलेली डिझेल गाडी, सात जण बसतील अशी, आणि हुक बसवूनच. फरकाची रक्कम आम्ही भरली, जळलेला क्लच त्यांच्या खात्यावर गेला. ती गाडी ओढते. पिकअपइतकी नाही, पण ओढते.

मला आणखी एक गोष्ट हवी होती. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडं बघून म्हणावं की, मी चुकीचं बोललो. किल्ली घेताना मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "झालं ना मॅडम तुमचं काम? मग?" त्याला खरंच कळत नव्हतं की अजून काय राहिलं. मी म्हणाले, "माझ्या पायाचं राहिलं." तो संगणकाकडं बघायला लागला. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "चल, ह्यांच्या तोंडून काय निघणार न्हाई." आम्ही निघालो. माझा राग मात्र तिथून निघालेला नाही.

आणि गावात? गावात गोष्ट अशी पसरली की अहमदपूरच्या मोटारवाल्यानं लातूरच्या शोरूमवाल्याला असा झाडला, असा झाडला की त्यानं नवी गाडी आणून दारात उभी केली. परवा एका शेतात मशीन लावत होतो. जमीनमालक नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं बुवा तुम्हाला!" नवऱ्यानं सांगितलं, "मी न्हाई हो, हिनं केलं." मालक हसत सुटला. "असं मोठेपण बायकूला द्यायला बी काळीज लागतं! चला, चहा घिऊ."

मी गाडीतून उतरले, दार लावलं, आणि मालकाला म्हणाले, "दादा, चहा मागून घिऊ. आधी इथं बसा, काय झालं ते मी सांगते."