कोंबडो खंय आसा?

सिद्धेश गेल्याची बातमी देणारा पहिला फोन मी कापला. मी ओरोसच्या ऑफिसात होते, नंबर अनोळखी होता आणि पलीकडचा माणूस घाईघाईने सांगत होता, की तुमच्या भावाला नांदगावजवळ अपघात झालाय. असल्या फोनांबद्दल माझ्या या चुलतभावानेच आम्हाला इतकं पढवलं होतं, की मी त्या माणसालाच झापलं. तो बिचारा पुन्हा पुन्हा फोन करत राहिला... शेवटी शिरोड्याहून सिद्धेशच्या शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा मी विश्वास ठेवला.

संगणकांतल्या चोरवाटा शोधून बुजवणं हे सिद्धेशचं काम. घरबसल्या करायचा आणि उरलेल्या वेळात घरातली वस्तू धड ठेवायचा नाही. दारात कोण आलं ते चुलीपाशी दिसावं म्हणून जुन्या मोबाइलचा कॅमेरा त्याने फाटकावर बसवला, आणि त्यासाठी लागणाऱ्या कुठल्याशा तुकड्यापायी त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या काकीचा, मिक्सर कितीतरी दिवस उघडा पडला होता. समुद्राचे फोटो काढून त्यांवर बोलायचा, ते व्हिडिओ लोक आवडीने बघत. भिंतीवर मात्र त्याने लावला होता लहानपणी काढलेला पहिला फोटो. काढायचा होता कोंबडा. ऐन वेळी तो उडून फणसावर बसला आणि फोटोत आलं नुसतं अंगण. त्यावरून त्याने घरची खूण ठरवली. फोनवर कोणी काही मागितलं, तर आवाज कितीही ओळखीचा असो, आधी विचारायचं, "कोंबडो खंय आसा?" उत्तर एकच, "फणसार." आम्ही त्याची टर उडवायचो. तो स्वतः फोन करायचा तेव्हाही आईला विचारायला लावायचा.

त्याचे दिवस होऊन गेल्यावर एका दुपारी मी काकीपाशी तांदूळ निवडत बसले होते. तिचा फोन वाजला. स्पीकर चालू होता. सिद्धेशचा आवाज... हुबेहूब.

"आई, मी अडचणीत आहे. तुझ्या फोनवर आकडे आलेत, तेवढे वाच."

व्हिडिओंतला आवाज उचलून कोणीतरी हा बनवला होता, आणि सिद्धेश आता नाही हे त्या चोरट्यांना ठाऊकही नसणार. पण हे सुचलं नंतर. मी फोन हिसकायला गेले, तर काकीने माझं मनगट घट्ट धरलं. तिने खूण विचारली. आवाज म्हणाला, वेळ नाही, आकडे वाच. तिने पुन्हा विचारली. आकडे समोर दिसत होते. मग तिने तिसऱ्यांदा विचारली.

"कोंबडो खंय आसा? सांग रे एकदा."

पलीकडून फोन कापला गेला.

मी संतापले होते. खोटा आहे हे कळत असताना इतका वेळ कशाला बोलत बसलीस, असं तिला विचारलं. ती फोटोकडे बघत होती.

"खोटो आसा ह्या माका ठावक होता. पण फणसार म्हटल्यान असता, तर सगळे आकडे दिले असते गो."

अजूनही मी फोन केला की काकी आधी खूणच विचारते. "फणसार," मी म्हणते. मग ती विचारते, "जेवलंस?"