कुकरची शिट्टी आणि आप्पांचा शेवटचा घास

दुपारची गोष्ट आहे, लगेच लिहून ठेवते.

स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरात जेवण कसं दिलं जातं, ते बघायचं माझं काम. आज दापोडीत आप्पांकडे गेले होते. सूनबाई शेजारी बसल्या होत्या. आप्पा स्वतःच्या हाताने, नीट चावून वरणभात खात होते. मी फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलं.

तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली.

आप्पांनी उरलेला सगळा भात तोंडात कोंबला आणि उठायला लागले. मग त्यांचा आवाजच बंद झाला. ओठ निळे पडले. मी त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीत जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला घास बाहेर पडला.

श्वास आल्यावर आप्पा दाराकडे बघत म्हणाले, "भोंगा झाला. मशीनवर नाही गेलो तर सुपरवायझर सगळ्यांपुढे बोलतो."

बहात्तर साली ते चिंचवडच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते. जेवायला वीस मिनिटं मिळायची, मग भोंगा वाजायचा.

सूनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "ताई, मुलांच्या जेवणाचा कुकर मी रोज याच वेळी लावते. आप्पा घाई करतात, तर मला वाटायचं, भूक असेल."

माझ्या फॉर्ममध्ये शेऱ्याशिवाय ‘ताटात किती उरलं’ एवढाच रकाना आहे. काल, परवा, रोज त्याचं उत्तर ‘काही नाही’ असंच आलं असतं.

तुमच्या घरचं म्हातारं माणूस ताट रिकामं करतं, ते भुकेने की धाकाने, हे कधी बघितलंय तुम्ही?