दोऱ्यानं बांधलेली ओळ

बहात्तरच्या दुष्काळात मन्मथआप्पाचा दिवस पहाटे चारला विहिरीवर सुरू व्हायचा. आत उतरून वाटीनं घागर भरायची, वर ओढायची. मग परळीत बंकटशेठच्या छापखान्यात दिवसभर उभ्यानं खिळे जुळवायचे. अक्षराचा शिशाचा खिळा खणातून उचलायचा, ओळीत उलटा बसवायचा, छपाई झाली की ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. अक्षर तो तोंडवळ्यानं ओळखायचा.

कोपऱ्यात काळ्या विलायती, म्हणजे जुन्या वळणाच्या जाड इंग्रजी अक्षरांचा एक संच होता. जाड उभे दांडे, तासलेली टोकं, एकाला एक खेटून बसणारी अंगं. अख्खं पान त्यात जुळवलं तर नुसता काळा डाग दिसे, म्हणून तो मथळ्यापुरताच. दुष्काळात लग्नपत्रिका बंद पडल्या, पण सोसायट्या निघत राहिल्या आणि प्रत्येकीला शेअर सर्टिफिकिटावर तीच अक्षरं हवी असत. छापखाना त्यांच्यावर तगला.

आप्पाची मुलगी दानम्मा. नवऱ्यानं टाकलेली, माघारी आलेली. महिला सहकारी संस्थेच्या शिवणवर्गात ती पहिली आली. तिला शिलाई मशीन घ्यायचं म्हणून आप्पा मजुरीतून बाजूला काढत होता. वर्गाची प्रमाणपत्रं छापायला त्याच्याकडंच आली. डबा घेऊन आलेल्या दानम्मानं त्याच काळ्या अक्षरांतल्या मथळ्याचा ओला नमुना उचलला.

"आप्पा, ही अक्षरं हायत का बाभळीचे काटे?"

"रुबाब बघ की त्येंचा."

"मग माझं नाव बी ह्याच्यातच छापा."

"नावं संस्थेच्या बाई शाईनं लिवत्यात."

"बाकीच्यांची लिवू द्या. माझा बाप जुळारी हाय."

आप्पानं शाळेच्या मास्तरांकडून तिचं नाव इंग्रजीत लिहून आणलं. सात अक्षरं जुळवली, ओळ दोऱ्यानं आवळून बांधली.

छपाईच्या दिवशी तो पहाटेच कामावर गेला. विहिरीवर दानम्मा गेली. ती तळाशी पाणी भरत असताना कडेची दरड सुटली. दुपारी तिला वर काढलं. जीव नव्हता.

प्रमाणपत्रं दुसऱ्यानं छापली. तिचं तेवढं राहिलं.

आप्पा कामावर आला तेव्हा नव्या सोसायटीचं काम येऊन पडलं होतं. बांधलेली ओळ तशीच होती.

"आप्पा, सोडवा आता ती," शेठ हळू बोलले. "त्यातली अक्षरं खणात न्हाईत, तर मथळा पुरा व्हत न्हाई."

आप्पानं गाठ सोडली. पहिला खिळा उचलला. जन्मभर हजारो नावं मोडून त्यानं खणात टाकली होती. हात खणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यानं खिळा ओळीत परत ठेवला, गाठ मारली.

"मुंबईहून नवा संच मागवा, शेठ. पैसे मी देतो."

"ते मशीनचे हायत न्हवं?"

"शिवणार कोण?"

नवा संच आला. आप्पानं एकेक खिळा पुसून खणात लावला, सोसायटीचा मथळा जुळवला. संध्याकाळी ती ओळ धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो घरी गेला. मशीनसाठी राबून साठवलेली सगळी मजुरी तेवढ्या सात खिळ्यांना लागली.